जनुकांची अभिव्यक्ती आणि रसायनांचा धोका : एक प्रस्तावना

लोअर परळच्या गिरण्यांतून ब्लोरूम आणि कार्डिंग या खात्यांत ज्यांनी उमेदीची वर्षे घालविली, त्या कामगारांना एक गोष्ट कोणत्याही वैद्यकीय अहवालाच्या आधीपासून ठाऊक होती. साप्ताहिक सुट्टी संपवून कामावर परतल्याच्या पहिल्या दिवशी, पाळीचे काही तास उलटले की छाती आवळल्यासारखी होते, दम लागतो, आणि आठवडा पुढे सरकेल तसा हा त्रास, निदान दुखण्याच्या आरंभीच्या काळात तरी, हळूहळू ओसरतो. कापसाच्या तंतूंबरोबर उडणारी धूळ, तिच्यातील जिवाणूजन्य द्रव्ये आणि श्वासनलिकांचे आकुंचन यांचा जो संबंध वैद्यकशास्त्राने पुढे ‘बिसिनोसिस’ या नावाखाली मान्य केला, त्याचे हेच आद्य लक्षण होय. आणि म्हणूनच या विकाराची तपासणी करणाऱ्याने कोणत्या वारी, पाळीच्या कोणत्या तासाला आणि कोणाचा श्वास मोजला, या तपशिलाला त्या मोजमापाइतकेच महत्त्व आहे.

एखाद्या तपासनीसाने गुरुवारी येऊन फुफ्फुसांची क्षमता मोजली, किंवा सहा दिवसांचे आकडे एकत्र करून त्यांची सरासरी काढली, तर पहिल्या दिवसाचा तो आघात सरासरीच्या पोटात गडप होई. शिवाय ज्याची छाती अगदीच निकामी झाली तो गाव गाठून बसलेला, त्याच्या जागी बदली कामगार उभा राहिलेला. म्हणजे मस्टरवर ज्यांची नावे शिल्लक राहिली ते मुळातच त्यातल्या त्यात धडधाकट. अशा मस्टरवरून काढलेला निष्कर्ष खात्याला निर्दोष ठरवील आणि त्यात कोणी एकही आकडा खोटा लिहिलेला नसेल. मोजणी आणि निर्णय या दोहोंच्या मध्ये आकड्यांवर जे संस्कार होतात, त्यांतच पुष्कळदा निर्णयाचे बीज असते, हा या प्रस्तावनेचा मुख्य मुद्दा आहे. आणि तो गिरणगावातच प्रथम का सुचावा हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

त्या काळची पद्धत माणूस तपासण्याची होती. गेल्या शतकाच्या आठव्या दशकात के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. एस. आर. कामत आणि त्यांचे सहकारी यांनी मुंबईच्या हवेतील प्रदूषणाचा आरोग्याशी असलेला संबंध शोधण्यासाठी जी पाहणी केली, तीत हवेतील सल्फर डायऑक्साइडच्या कमीअधिक प्रमाणानुसार गिरणगावचा परिसर, चेंबूर आणि खार यांची तुलना एका ग्रामीण वस्तीशी करण्यात आली होती; चार हजारांहून अधिक माणसांचा खोकला, दमा, सर्दी आणि श्वासाची ताकद यांची नोंद घेण्यात आली होती. १९८४ च्या डिसेंबरात भोपाळला वायुकांड घडले, त्यानंतर तेथील पीडितांची तपासणी करण्यातही याच रुग्णालयातील डॉक्टर होते. या सर्व अभ्यासांचे स्वरूप एकच : आधी माणसाला इजा होते, मग तिची मोजदाद होते.

जनुकाभिव्यक्तीचे शास्त्र हा क्रम उलटा करू पाहते. इजा दृश्य होण्यापूर्वी, पेशीच्या आतील हालचालींवरूनच तिची चाहूल घ्यावी, अशी त्याची महत्त्वाकांक्षा आहे. शरीरातील बहुतेक प्रत्येक पेशीत जनुकांचा संच तोच असला, तरी कोणत्या वेळी कोणते जनुक किती प्रमाणात कार्यरत व्हावे हे परिस्थितीनुसार बदलते. कार्यरत झालेल्या जनुकाची प्रत संदेशवाही आरएनएच्या रूपाने निघते, आणि तिच्या आधारे प्रथिन तयार होते. यकृतात एखादे परके रसायन शिरले की ते विघटित करणाऱ्या विकरांच्या जनुकांचे संदेश काही तासांतच वाढू लागतात. डीएनएला इजा झाली तर तिच्या दुरुस्तीशी संबंधित जनुके जागी होतात. हे संदेश मोजता आले, तर उंदराला दोन वर्षे रसायन खाऊ घालून अखेरीस त्याच्या अवयवांतील गाठी मोजण्याऐवजी, थोड्या दिवसांतच धोक्याचा अंदाज बांधता येईल, असा हा विचार आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने अलीकडे ज्या रसायनांविषयी जवळजवळ काहीच माहिती उपलब्ध नाही, त्यांच्याकरिता उंदरांवरील अवघ्या पाच दिवसांच्या प्रयोगातून संदर्भमूल्य ठरविण्याची पद्धत अंगीकारली आहे, ती याच विचाराचे फलित होय.

या विद्येचे आपल्या परिसरातील उदाहरण पाहावयाचे तर लोअर परळहून फार दूर जावे लागत नाही. परळच्या जहांगीर मेरवानजी मार्गावर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची जी प्रजनन-आरोग्यविषयक राष्ट्रीय संशोधन संस्था आहे, तेथील संशोधकांनी बिस्फेनॉल-ए या रसायनासंबंधी २००९ पासून पुढील काही वर्षांत महत्त्वाचे निबंध प्रसिद्ध केले. पॉलिकार्बोनेट प्लास्टिकच्या बाटल्या, अन्नाच्या डब्यांच्या आतील लेप अशा नित्याच्या वस्तूंतून शरीरात जाणारे आणि इस्ट्रोजेन या संप्रेरकाची नक्कल करणारे हे द्रव्य. नुकत्याच जन्मलेल्या नर उंदरांना पहिल्या काही दिवसांत ते दिले असता, ती पिल्ले प्रौढ झाल्यावर त्यांच्या वृषणांतील पेशींना परस्परांशी बांधून ठेवणाऱ्या प्रथिनांत बदल झालेला आणि त्यांची प्रजननक्षमता उणावलेली या संशोधकांना आढळली. पुढे इस्ट्रोजेनग्राहींच्या जनुकांच्या नियंत्रक भागावर मिथिल गटांचे आच्छादन वाढल्याचेही त्यांनी दाखवून दिले. बालपणीच्या थोड्या दिवसांची खूण प्रौढ वयातील जनुकांच्या वर्तनावर उरते, हा निष्कर्ष ज्या आकड्यांवर उभा राहतो, ते कसे तयार होतात, हे सामान्य वाचकाने एकदा नीट समजून घेण्याजोगे आहे.

एखाद्या जनुकाचा संदेश मोजण्याची प्रयोगशाळांतून रुळलेली रीत अशी. ऊतीतून आरएनए काढून त्याचे डीएनएत रूपांतर करावयाचे आणि मग त्याच्या प्रती वाढवीत न्यावयाच्या. प्रत्येक फेरीत प्रती स्थूलमानाने दुप्पट होतात, आणि किती फेऱ्यांनंतर यंत्राला प्रकाशाची ठरावीक पातळी दिसते, यावरून मूळ प्रमाण काढतात. परंतु एका नळीत ऊतीचा तुकडा थोडा मोठा पडला, दुसरीत आरएनए थोडा कमी निघाला, म्हणून प्रत्येक नळीत असे एखादे संदर्भजनुकही मोजतात की ज्याचे प्रमाण सर्वत्र सारखेच असावे, आणि त्याच्या तुलनेत इष्ट जनुकाचा हिशेब मांडतात. तराजूची रिकामी पारडी समतोल नसतील तर वाणी हलक्या बाजूला पासंग बांधतो, तसाच हा प्रकार. मात्र पासंग म्हणून घेतलेला दगडच हवामानाप्रमाणे हलकाजड होत असेल, तर तोलून दिलेल्या प्रत्येक जिनसात फसगत ठरलेली. संदर्भासाठी सरसकट वापरले जाणारे जीएपीडीएच हे जनुक संप्रेरकांच्या प्रभावाखाली काही ऊतींत स्वतःच बदलते, असे आढळून आले आहे. आणि बिस्फेनॉल-ए तर संप्रेरकाचीच नक्कल करणारे. प्रती फेरीगणिक दुप्पट होत असल्यामुळे संदर्भजनुक रसायनाच्या योगाने अवघ्या एका फेरीने सरकले, तर इष्ट जनुक मुळीच न बदलता दुप्पट झाल्याचे वा निम्म्यावर आल्याचे दिसेल. या कारणास्तव २००९ साली या मोजणीसंबंधी जी मार्गदर्शक तत्त्वे आंतरराष्ट्रीय पातळीवर प्रसिद्ध झाली, त्यांत कोणते संदर्भजनुक वापरले आणि ते स्थिर असल्याची खातरजमा कशी केली, याची नोंद देण्याचा आग्रह धरण्यात आला.

एका जनुकाची ही कथा; आता वीस हजार जनुकांची कल्पना करावी. सूक्ष्मपट्टिका (मायक्रोॲरे) आणि त्यानंतर आलेली आरएनए अनुक्रमण पद्धती यांनी सर्वच जनुकांची एकाच वेळी मोजणी शक्य केली. अनुक्रमणात आरएनएचे लहान तुकडे वाचून कोणत्या जनुकाचे किती तुकडे सापडले, याची मोजदाद करतात. समजा, रसायन न दिलेल्या उंदराच्या यकृताचे दोन कोटी तुकडे वाचले आणि त्यांत एका जनुकाचे १,००० निघाले. रसायन दिलेल्या उंदराचेही दोन कोटीच वाचले, पण रसायनाने चेतविलेल्या, आणि एरवी नगण्य असलेल्या, मूठभर जनुकांनी त्यांतील ५० लाख व्यापले. उरलेल्या दीड कोटीत बाकीच्या सर्व जनुकांना आपला वाटा मिळवावयाचा असल्यामुळे, ज्याच्यावर रसायनाचा काहीच परिणाम झाला नाही असे आपले जनुक १,००० ऐवजी ७५० वर येईल. केवळ एकूण तुकड्यांच्या प्रमाणात हिशेब मांडणारा अभ्यासक ‘हे रसायन हजारो जनुकांना दाबून टाकते’ असा अहवाल लिहील. या विकृतीची दुरुस्ती करणारी पद्धत वापरणारा अभ्यासक त्याच कच्च्या आकड्यांवरून ‘मूठभर जनुके वाढली, इतर जागच्या जागी आहेत’ असे लिहील. दोघांच्याही टेबलावरचे दप्तर एकच, गणितही दोघांचे बिनचूक.

प्रसामान्यीकरण नावाच्या या पहिल्या संस्कारानंतर दुसरा संस्कार गाळणीचा. क्षीण संदेशाची जनुके विश्वासार्ह नसतात म्हणून ती वगळावीत, हे योग्यच; पण ‘क्षीण’ कोणास म्हणावे ही रेषा माणूसच आखतो, आणि संप्रेरकग्राहींसारखी कित्येक महत्त्वाची जनुके स्वभावतःच मंद बोलणारी असतात. तिसरा संस्कार संख्याशास्त्रीय कसोटीचा. वीस हजार जनुके तपासून शंभरात पाच चुकीची सूट दिली, तर कोणत्याही परिणामावाचून एक हजार जनुके निव्वळ योगायोगाने ‘बदललेली’ निघतील. म्हणून १९९५ साली बेंजामिनी आणि हॉखबर्ग यांनी सुचविलेल्या पद्धतीने मिथ्या शोधांचे प्रमाण आटोक्यात ठेवावे लागते. परंतु ही गाळणी अतिशय बारीक केली तर खरे परिणामही तीत अडकून राहतात, आणि ज्याच्या आरोग्याचा प्रश्न आहे त्याच्या दृष्टीने खोट्या इशाऱ्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, निसटलेला खरा इशारा घातक असतो.

या संस्करणाचा निर्णयावर होणारा परिणाम सर्वांत स्पष्ट दिसतो तो मात्रेच्या हिशेबात. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने १९८३ साली जोखीम-मूल्यांकनाच्या ज्या चार पायऱ्या सांगितल्या, म्हणजे अपाय ओळखणे, मात्रा आणि परिणाम यांचे नाते ठरविणे, संपर्काचे प्रमाण काढणे आणि अखेर जोखमीचे वर्णन करणे, त्यांपैकी दुसऱ्या पायरीवर ‘किती मात्रेपासून शरीरात लक्षणीय बदल सुरू होतो’ हा प्रश्न असतो. जनुकाभिव्यक्तीच्या अभ्यासांत त्याचे उत्तर काढण्याची एक सर्वमान्य होऊ लागलेली रीत अमेरिकेच्या राष्ट्रीय विषशास्त्र कार्यक्रमाने २०१८ साली मांडली. मात्रेबरोबर चढत वा उतरत जाणारी आणि किमान दीडपट बदललेली जनुके निवडावीत. प्रत्येकासाठी आरंभमात्रा, म्हणजे ज्या मात्रेपासून ते बदलू लागते ती, काढावी. मग एकाच शारीरिक कार्यात भाग घेणाऱ्या जनुकांचे गट करून, ज्यात किमान तीन आणि गटाच्या किमान पाच टक्के जनुके निवडली गेली आहेत असे गट विचारात घ्यावेत, आणि सर्वांत कमी मात्रेला प्रतिसाद देणारा गट पाहावा.

समजा, या रीतीने एका रसायनाचा सर्वांत संवेदनशील गट शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे ३ मिलिग्रॅम मात्रेला जागा झाला. आता कोणी दीडपटीच्या जागी दुपटीची अट घातली आणि त्यामुळे त्या गटातील एखादेच जनुक गळून तीनाची संख्या दोनावर आली, तर तो संपूर्ण गट बाद होऊन त्याच्या वरचा, ९ मिलिग्रॅमला जागणारा गट अग्रस्थानी येईल. उंदरावरून माणसावर येताना दहाने, आणि माणसामाणसांतील फरकासाठी पुन्हा दहाने भागण्याची रूढी पाळली, तर साठ किलो वजनाच्या माणसाला दिवसाकाठी १.८ मिलिग्रॅम ‘सुरक्षित’ ठरण्याऐवजी ५.४ मिलिग्रॅम सुरक्षित ठरतील. एका जनुकाच्या हकालपट्टीने मर्यादा तिप्पट झाली. उदाहरण रचलेले असले, तरी त्यातील यंत्रणा तंतोतंत खरी आहे.

याचा अर्थ हे शास्त्र वाळूवर उभे आहे असा कोणी करून घेऊ नये. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या पुढाकाराने चाललेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या सूक्ष्मपट्टिका गुणवत्ता प्रकल्पात तेच नमुने अनेक प्रयोगशाळांतून, निरनिराळ्या कंपन्यांच्या पट्टिकांवर मोजण्यात आले. त्याच्याच एका भागात, आपल्या ईश्वरी या वनस्पतीच्या कुळाशी निगडित असलेले ॲरिस्टोलोकिक आम्ल, आणि त्याबरोबर आणखी दोन वनस्पतिजन्य पदार्थ उंदरांना देऊन तुलना करण्यात आली. यंत्रे आपसात बऱ्याच अंशी जुळली. जनुकांच्या याद्या जुळल्या की नाही, हे मात्र त्या निवडण्याच्या नियमावर पुष्कळसे अवलंबून होते, आणि केवळ संख्याशास्त्रीय कसोटीने निवडलेल्या याद्यांपेक्षा बदलाच्या पटीनुसार लावलेल्या याद्या अधिक जुळत असल्याचे दिसून आले. २०१४ साली अनुक्रमण पद्धतीची अशीच परीक्षा झाली, तेव्हा २७ रसायने दिलेल्या उंदरांच्या यकृतांवरून असे दिसले की, जेथे रसायनाचा परिणाम ठळक तेथे जुनी आणि नवी पद्धत एकमताने बोलतात, आणि परिणाम क्षीण असेल वा जनुक मंद असेल तेथे त्यांची मते फाकतात. दुर्दैवाची गोष्ट अशी की, सामान्य माणसाच्या वाट्याला येणाऱ्या अल्प मात्रांचा प्रदेश नेमका हाच.

संस्करणाच्या चुकीने निष्कर्ष कोठवर भरकटू शकतात, याचे दोन दाखले येथे पुरेसे आहेत. युरोपीय आणि आशियाई वंशाच्या लोकांत जनुकांची अभिव्यक्ती फार मोठ्या प्रमाणात भिन्न असते, असा एक निबंध २००७ साली गाजला. परंतु लौकरच दुसऱ्या अभ्यासकांनी दाखवून दिले की, युरोपीय नमुने मुख्यतः २००३-०४ मध्ये आणि आशियाई नमुने २००५-०६ मध्ये पट्टिकांवर चढविलेले असल्याने, वंशाचा फरक कोणता आणि सालाचा फरक कोणता हे त्या दप्तरातून वेगळे काढणेच अशक्य होते. ज्या प्रयोगात रसायन दिलेले सर्व प्राणी सोमवारी आणि न दिलेले सर्व मंगळवारी मोजले जातात, त्या प्रयोगाची गत याहून निराळी नसते. दुसरा दाखला ड्यूक विद्यापीठाचा : जनुकाभिव्यक्तीवरून कर्करोगाचे औषध निवडण्याचा जो दावा तेथून करण्यात आला, त्याची २००९ साली दोन संख्याशास्त्रज्ञांनी कसून छाननी केली, तेव्हा कोष्टकातील जनुकांच्या याद्या एका ओळीने खाली सरकल्याचे आढळले, आणि त्या दाव्यावर आधारलेल्या रुग्णांवरील चाचण्या अखेर बंद कराव्या लागल्या. कच्चे आकडे बाहेरच्या माणसाला पाहावयास मिळाले म्हणूनच ही चूक सापडली, हे विसरून चालणार नाही.

निर्णयकर्त्यांत मतभेद किती पराकोटीला जाऊ शकतात, हे बिस्फेनॉल-ए नेच दाखविले आहे. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१५ साली माणसाच्या प्रत्येक किलो वजनामागे दिवसाला ४ मायक्रोग्रॅम ही तात्पुरती मर्यादा ठरविली होती. २०२३ साली त्याने ती ०.२ नॅनोग्रॅमवर, म्हणजे वीस हजारपटींनी खाली आणली. आणि त्याच वर्षी जर्मनीच्या जोखीम-मूल्यांकन संस्थेने २०० नॅनोग्रॅम योग्य ठरविले. हा वाद जनुकाभिव्यक्तीवरून नव्हे, तर मुख्यतः प्रतिकारक्षमतेशी संबंधित पेशींच्या प्रमाणातील बदलाला ‘अपाय’ म्हणावे की नाही, आणि उपलब्ध अभ्यासांपैकी कोणते ग्राह्य धरावेत, यावरून होता. तथापि एकाच वाङ्मयाच्या वाचनातून हजारपटींचे अंतर निर्माण होते, तेथे त्याच प्रश्नात वीस हजार जनुकांची आणि प्रत्येक जनुकावर चालणाऱ्या चारसहा संस्कारांची भर पडली म्हणजे काय होईल, याची कल्पना करता येते.

यावर उपाय तरी काय? सर्वांनी एकच पद्धत वापरावी असा हुकूम काढणे हा एक मार्ग सांगितला जातो, आणि शासकीय उपयोगासाठी विश्लेषणाच्या पायऱ्या निश्चित करण्याचे प्रयत्न युरोप-अमेरिकेत गेल्या काही वर्षांत जोमाने चाललेही आहेत. एकवाक्यतेचे लाभ उघड आहेत. परंतु चुकीची रीत सर्वांनी मिळून पाळली तर ती चूकही एकवाक्यतेने होईल. म्हणून या ग्रंथाचा कल दुसरीकडे आहे. कोणती गाळणी लावावयाची हे प्रयोगाचा निकाल पाहण्यापूर्वीच लिहून ठेवावे. कच्चे आकडे आणि त्यांवर चालविलेली संगणकीय आज्ञावली, दोन्ही सार्वजनिक दप्तरात दाखल करावीत. आणि एका पद्धतीने निघालेली मर्यादा छापताना, दुसऱ्या दोन सयुक्तिक पद्धतींनी ती कोठे गेली असती हेही शेजारी नमूद करावे. तिन्ही पद्धतींनी मर्यादा एकाच ठिकाणी आली तर विश्वास वाढेल; फाकली तर सावध बाजूची मर्यादा स्वीकारण्यास सबळ कारण मिळेल. जनुकगटांतील आरंभमात्रांच्या मध्यावर आधारलेला आकडा पुष्कळदा फारसा हालत नाही आणि जुन्या प्रदीर्घ प्रयोगांतून मिळालेल्या मात्रेच्या जवळपास येतो, असा बऱ्याच अभ्यासांचा अनुभव आहे. तेव्हा या पारदर्शकतेला शास्त्रज्ञांनी भिण्याचे कारण नाही.

आपल्या देशात धोकादायक रसायनांची निर्मिती, साठवण आणि आयात यांविषयी १९८९ चे नियम आहेत. ते प्रामुख्याने भोपाळच्या आठवणीतून, म्हणजे एकाएकी घडणाऱ्या अपघाताच्या भयातून जन्मले. अल्प मात्रेने, वर्षानुवर्षे, निमूटपणे होणाऱ्या इजेचा हिशेब त्यांच्या कक्षेत फारसा येत नाही, आणि तो हिशेब करण्यासाठी उद्या आपल्याकडे जनुकाभिव्यक्तीचे अहवाल दाखल होऊ लागतील, तेव्हा ते तपासणारा अधिकारी केवळ अखेरच्या आकड्यावर शिक्का मारणारा असून भागणार नाही. कोणती जनुके वगळली, कशाच्या तुलनेत मोजली आणि का, हे विचारण्याइतके ज्ञान त्याच्यापाशी असले पाहिजे. आणि तो विचारीत नसेल तर ते विचारण्याचा अधिकार कामगार संघटनेला, ग्राहकाला आणि कारखान्याशेजारच्या रहिवाशाला असला पाहिजे. पुढील प्रकरणे याच हेतूने लिहिलेली आहेत : पहिल्या तीन प्रकरणांत मोजणीची तंत्रे, नंतरच्या चारांत संस्करणाच्या पायऱ्या, आणि अखेरच्या भागात मात्रा व मर्यादा यांचे गणित आले आहे. गणिताचा ज्यांना कंटाळा आहे त्यांनी सूत्रे ओलांडून जावीत, कोष्टकांखालच्या टिपा मात्र ओलांडू नयेत; कारण काय गाळले हे त्या टिपांतच लिहिलेले असते, आणि ‘सुरक्षित’ या शेऱ्याचा खरा अर्थ त्यावरच अवलंबून असतो.

लोअर परळ, मुंबई